शर्यतीतली बस

५ जानेवारी, रविवार

मी कामाला आहे त्या लाँड्रीच्या दुकानाला केमिकल पुरवणाऱ्या माणसाने यंदाही डायरी दिली. मालकीणबाईंना असल्या फुकटच्या वस्तूंचा तिटकारा, त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. दरवर्षी मी तिच्यात वाणसामान लिहिते. या वर्षी म्हटलं, मनातलं लिहावं. सांगणार कोणाला? बहिणीला सांगितलं की दवंडी पिटल्यासारखं सगळीकडे होतं, आणि ह्यांना सांगावं तर विषयच त्यांचा आहे.

तर विषय असा. आमचे हे शहर बसचे ड्रायव्हर. लग्न झालं तेव्हाही ड्रायव्हर होते आणि निवृत्त होईपर्यंत हातात दुसरं काही धरायचा विचार नव्हता. नोव्हेंबरात डेपोची वार्षिक तपासणी झाली, त्यात काचबिंदू निघाला. बाजूची नजर थोडी कमी झाली आहे, असं ह्यांनी घरी येऊन सांगितलं. स्टिअरिंग काढून घेतलं, डोळ्यात घालायला थेंब दिले आणि मार्चमध्ये पुन्हा बोलावलं. पास झाले तर बस परत. नाही तर चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि कुठली बस कधी सुटते ते लोकांना सांगायचं. हे म्हणतात, "खिडकीत मी बसणार नाही. त्यापेक्षा घरी बसेन." मी म्हटलं, घरी बसू नका, मला वेड लागेल.

तरी सध्या घरीच आहेत, रजेवर. चिरंजीव नोकरीला बाहेरगावी गेले तेव्हा त्यांचा व्हिडिओ गेम इथेच राहिला, टेबलाला आवळायच्या स्टिअरिंग-पेडलसकट. हे दोन दिवस त्याच्यावरची धूळ पुसत होते, आज लावलाच. म्हणाले, "हाताची सवय राहील." माणूस कशात तरी रमलेला बरा.

११ जानेवारी, शनिवार

आज पोट दुखेपर्यंत हसले.

गेम असा आहे की एक भलंमोठं शहर, त्यात पूल, बोगदे, सिग्नल, सगळं हुबेहूब. आपण गाडी पळवायची, शर्यती जिंकायच्या, आणि वाटेत जितकी तोडफोड तितके जास्त गुण. ह्यांना एक लाल चपटी गाडी मिळाली होती. हे ती अशी चालवत होते की मागे सायकलवाला असता तरी ओरडला असता. सिग्नल लाल झाला, हे थांबले. त्या शहरात सिग्नलला कोणी थांबत नाही, ते नुसते शोभेला लावलेत. मागचे सगळे एकावर एक येऊन आदळले. हे आरशात बघून म्हणाले, "अंतर ठेवत नाहीत."

मग ह्यांना रस्त्यात बस दिसली आणि ती हवीशी झाली. चिरंजीवांना फोन.

"सोपं आहे बाबा. बससमोर उभं राहायचं आणि त्रिकोणाचं बटण दाबायचं. तुमचा माणूस ड्रायव्हरला ओढून रस्त्यावर फेकतो. मग बस तुमची."

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "आणि त्याचं काय होतं?"

"कोणाचं?"

"ड्रायव्हरचं."

"बाबा, तो खरा नाहीये."

"ते कळतं रे मला. पण ड्युटीवरच्या माणसाला असं ओढून काढायचं म्हणजे…"

फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मी हसून हसून बेजार झाले. हे मात्र हसले नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

बस मिळाली. गेममधल्या स्टेडियममागे एक रिकामी बस कायम उभी असते, दार उघडं टाकून, ड्रायव्हर चहाला गेल्यासारखी. ती घ्यायला कोणाला फेकावं लागत नाही. ती शोधायला ह्यांना तीन दिवस लागले, पण चेहरा असा की पहिली नेमणूक झाली आहे.

आता स्टेडियमपासून बंदरापर्यंत एक मार्ग आखलाय. जिथे चार माणसं उभी दिसतात तिथे थांबा. बस थांबवायची, दार उघडायचं, जरा वेळ द्यायचा, दार लावायचं, निघायचं. चढत कोणीच नाही. त्या लोकांना बसमध्ये चढायचं शिकवलेलंच नाही, ते नुसते उभे असतात आणि धक्का लागला की शिव्या देतात. तरी बंदराला पोचल्यावर हे म्हणाले, "आज गर्दी होती." पडद्यावर दर मिनिटाला मोठ्या अक्षरात येतं, वेग वाढवा. गुण शून्य.

मी विचारलं, "यात मजा कसली?"

"पळवायला काय, कोणीही पळवेल. वेळेवर आणि हिसके न देता पोचवायला डोकं लागतं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

एक मात्र चांगलं. डोळ्यांना जपतात. चिरंजीव टीव्हीला नाक लावून खेळायचे, हे लांब बसतात. आधी टेबल-खुर्ची पलंगापाशी होती, आता पार मागच्या भिंतीला टेकवली आहे. थेंबही चुकवत नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

चहाचा पेला पुन्हा सांडला, डाव्या कोपरापाशीच ठेवला होता. टेबलावरची चादर मी लगेच गार पाण्यात टाकली, डाग निघाला. ह्यांना म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? सगळं चित्त त्या बसमध्ये. ह्यांनी निमूटपणे फडकं आणून फरशी पुसली, पण अर्धीच.

दुकानात आज एक बाई शाईचा डाग घेऊन आल्या आणि तो शाईचा नाही म्हणत होत्या. डाग कशाचा ते खरं सांगायचं नाही आणि निघाला नाही की माझ्या नावाने खडे फोडायचे.

१ फेब्रुवारी, शनिवार

मी कंडक्टर झाले. लिहायलाही लाज वाटते, पण झाले.

भाजी निवडत बसले होते. हे म्हणाले, "अगं, इथे डावीकडे बस ना जरा. एकट्याने बस चालवायची सवय नाही मला." मला वाटलं गंमत करतायत. पण स्टीलचा पेला आणि चमचा हातात दिला. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. थांब्यावर दार लागलं की मी डावीकडे बघायचं, कोणी मध्ये नाही ना, गाडी येत नाही ना, आणि दोन ठोके द्यायचे.

पहिल्यांदा उगाच दिले. मग त्यात जीव गुंतला. थांब्यावर एक टोपीवाला रोज उभा असतो, त्याला मी म्हटलं, "चढा की दादा, का मुहूर्त काढायचाय?" हे इतके हसले की बस फुटपाथवर गेली. कितीतरी महिन्यांनी असे हसले. बंदराला पोचेपर्यंत भाजी तशीच पडली होती.

बंदरावर उभं राहून पाणी बघायचंही असतं म्हणे. गेममध्ये पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, काही करायचं नाही. आम्ही दोघांनी बघितलं. छान होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यात ह्यांनी कधी माझा हात धरला नाही. हे दहा पावलं पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. गेले काही दिवस बाजारात जाताना माझा दंड धरून चालतात. आज तर गर्दीत घट्ट धरला होता. समोरून मालकीणबाई आल्या, गालात हसल्या. मी लाजून लाल झाले, या वयात. पण सोडवला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टे भाऊजी आले होते. ह्यांच्या बसवरचे कंडक्टर. प्रत्येक प्रवाशाकडे सुट्टे मागायचे म्हणून डेपोत हेच नाव पडलं, खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.

त्यांनी आमची बस बघितली, माझे ठोके बघितले आणि म्हणाले, "वहिनी, माझी नोकरी घेतलीत की." खूप हसलो. ह्यांनी विचारलं, "माझी गाडी कोणाकडे आहे?" भाऊजी म्हणाले, नवीन पोराकडे, ब्रेक असा मारतो की म्हाताऱ्या पुढच्या सीटवर जाऊन पडतात. ह्यांना बरं वाटलं. "मार्चपर्यंत थांबा म्हणावं," म्हणाले.

भाऊजींना मी जिन्याखालपर्यंत सोडायला गेले. तिथे ते सहज बोलून गेले, "तुम्ही बघून सांगता ते बरं करता वहिनी. गेलं वर्षभर मीही पुढे उभा राहून डावीकडचं सांगायचो. रिक्षा आली, सायकल आली. सवयच लागली होती आम्हाला."

"वर्षभर?"

"जास्तच असेल." मग माझं तोंड बघून म्हणाले, "म्हणजे मदत म्हणून हो. एकमेकांना सांभाळायचं, त्यात काय."

चांगला माणूस आहे. पण वरती येईपर्यंत मी मनात महिने मोजत होते. नोव्हेंबरात 'थोडी कमी' म्हणाले होते ना? मग वर्षभर काय?

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे केलं ते करायला नको होतं. पण सहा दिवस डोक्यात तेच फिरत होतं. तपासणीला अजून वेळ आहे आणि ह्यांना विचारलं की एकच उत्तर, "थेंब चालू आहेत ना."

संध्याकाळी बस काढली. मी नेहमीसारखी डावीकडे. मोठ्या चौकाच्या अलीकडच्या थांब्यावर थांबलो, दार उघडलं, लावलं. डावीकडून एक ट्रक येत होता. लांबून येत होता, निळा, चांगला घराएवढा. पडद्याच्या कडेवर स्पष्ट दिसत होता. मी बघितला, आणि दोन ठोके दिले.

हे निघाले.

ब्रेकवर पाय गेला नाही, मान हलली नाही. दोन ठोके मिळाले म्हणजे रस्ता मोकळा, इतक्या विश्वासाने निघाले. ट्रक मधोमध येऊन घुसला आणि बस उलटी झाली.

चाकं वर फिरत राहिली. मग हे म्हणाले, "कुठून आला?"

"डावीकडून."

"तू दोन दिलेस."

"हो."

ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "बघून दिलेस?" मी हो म्हटलं. ह्यांनी स्टिअरिंगचा स्क्रू सैल केला, पुन्हा घट्ट केला. म्हणाले, "कंडक्टरने असं करायचं नसतं."

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. बाजारात धरलेला हात आठवला आणि जास्तच रडू आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सरळ विचारलं, "किती दिसतं?"

"समोरचं दिसतं. चांगलं दिसतं."

"आणि बाजूचं?"

"पाइपातून बघितल्यासारखं आहे. लांब बसलं की पाइपात जास्त मावतं." म्हणजे टेबल-खुर्ची भिंतीला का गेली ते कळलं. मी मूर्ख, डोळे सांभाळतात म्हणून खूश.

"आणि हे घेऊन तुम्ही खरी बस चालवणार? माणसांनी भरलेली?"

"चालवतच होतो ना. कधी कोणाला खरचटलंय?"

कोणाला खरचटलं नाही हे खरं आहे. मी स्वतः रोज बसनेच दुकानात जाते, मला तो नवा पोरगा धक्के देतो तेव्हा राग येतो. आता वाटतं, दे बाबा धक्के.

२३ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी नवं खूळ काढलंय. नजर तपासायचं यंत्र असतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे टक लावायची आणि आजूबाजूला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. हे म्हणतात, "हाही गेमच आहे. मागच्या वेळी मी खराखुरा खेळलो म्हणून हरलो. उजेड एका तालात येतो. दिसो न दिसो, तालावर दाबत राहायचं."

आणि बसलेत टीव्हीचा रिमोट घेऊन, डोळे मिटून, अंगठा दाबत. टक, टक, टक.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. म्हणाले, "गेममध्ये शर्यत न धावता मी बस चालवली तेव्हा तुला चाललं." मी म्हटलं, त्या बसमध्ये कोणी चढत नव्हतं. त्यावर डोळे उघडले, पण अंगठा थांबला नाही.

काल दुकानातून लवकर निघून डेपोच्या फाटकापर्यंत गेले होते. मॅनेजरसाहेबांना सांगून टाकावं म्हणून. फाटकातून एक बस बाहेर पडत होती, वॉचमनने मला ओळखलं, "काय वहिनी, साहेब कधी येतायत गाडीवर?" मी म्हटलं, "बघू, मार्चमध्ये," आणि मागे फिरले. सांगितलं तर ह्यांच्या जिवावर उठल्यासारखं, नाही सांगितलं तर लोकांच्या. इकडे आड, तिकडे विहीर. यंत्राने पकडावं असं वाटतं, आणि असं वाटलं की स्वतःचीच शिसारी येते.

४ मार्च, मंगळवार

तपासणीला गेलो होतो. हात जोडून बसले होते मी, काय मागायचं तेच ठरत नव्हतं.

खोली अंधारी होती. मला कोपऱ्यात स्टूल दिलं. ह्यांनी हनुवटी टेकवली, यंत्र चालू झालं, आणि बटणाचा आवाज सुरू. टक, टक, टक, एका लयीत. आमच्या दुकानातलं वाफेचं यंत्रही इतकं नियमित चालत नाही. संपल्यावर हे खुशीत उठले. मला हळूच म्हणाले, "जमलं."

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या चिरंजीवांएवढ्या असतील. कागद बघून म्हणाल्या, "काका, उजेड लागलाच नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय. यंत्र मधेमधे मुद्दाम गप्प बसतं." आवाज चढवला नाही, ह्यांना शरमेत टाकलं नाही. म्हणाल्या, "बऱ्याच जणांचं होतं असं. पुन्हा करूया. या वेळी दिसेल तेव्हाच दाबा."

पुन्हा खोली, पुन्हा अंधार. एक टक आला. मग काही नाही. मी कान देऊन बसले होते. मघाशी ज्या आवाजाची चीड येत होती त्याची आता मी भिकाऱ्यासारखी वाट बघत होते. दाबा हो, मनात म्हणत होते, खोटं तर खोटं, दाबा. खूप वेळाने एक आला. मग पुन्हा नुसतं यंत्राचं घुमणं. हे खरं खेळत होते.

कागद काळा होता, मध्ये एक छोटं पांढरं भोक. नोव्हेंबरातला कागदही त्यांनी शेजारी ठेवला. तोही जवळजवळ तसाच. हे तेव्हा एकटेच आले होते आणि घरी येऊन 'थोडी कमी' सांगितलं होतं.

"गेलेलं परत येत नाही काका. उरलेलं टिकावं म्हणून थेंब."

"किती टिकेल?"

"खरं सांगू? सांगता येत नाही. मधलं सगळ्यात शेवटी जातं."

हे उठले, खुर्ची नीट आत सरकवली, थँक्यू म्हणाले. बाहेर पडल्यावर मी दंड पुढे केला. धरला. बसस्टॉपवर आमच्याच डेपोची गाडी आली तर म्हणाले, "ही जाऊ दे. मागची घेऊ."

७ मार्च, शुक्रवार

ह्यांनी खिडकीसाठी अर्ज दिला. मी न सांगता दिला. सोमवारपासून बसायचंय. सुट्टे भाऊजींनी फोन केला होता, ह्यांनी घेतला नाही. मग मीच बोलले. भाऊजी रडत होते, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं वहिनी." मीही फाटकापर्यंतच गेले होते.

गेम लावलेला नाही. टीव्हीही नाही. विचारलं, जेवायला वाढू? वाढ. झोपता? झोपतो. एवढंच. डागाचं मला कळतं, कशाने निघतो, कशाने निघत नाही. निघत नसेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं आणि कपडा परत द्यायचा. इथे कोणाला परत देऊ? मला काही म्हणजे काहीच करता येत नाही.

९ मार्च, रविवार

आज संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "बस काढतेस?"

"मी?"

"मग काय मी?"

मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. तरी बसले. स्टेडियममागून बस काढतानाच खांब पाडला. हे शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, "आता उजवीकडे वळ, सावकाश, पुढे थांबा आहे, पूल आला की वेग कमी." मार्ग सगळा पाठ. टोपीवाल्याच्या थांब्यावर मी बस इतकी पुढे नेली की तो मागेच राहिला. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, पडद्यावर वेग वाढवा, वेग वाढवा, माझे तळहात घामाने ओले. मी म्हटलं, "अहो, पुलाच्या आधी तो सिग्नल लाल आहे का हिरवा, तेवढं बघा ना, मी रस्ता बघू का सिग्नल?"



कडेने बघितलं तर हे टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"अहो, पडदा तिकडे आहे."

"माहीत आहे."

"मग इकडे काय बघताय? केसांना फणी नाही की काही नाही."

"तू चालव."

दिवसभर कपडे धुतलेली, घामेजलेली बाई, तिच्यात बघण्यासारखं काय आहे? असं म्हणणार होते. पण हे मान जराशी तिरकी करून, थोडी मागे घेऊन, मला नीट मधोमध धरत होते. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, एकेक करून. घाई नव्हती.

मी समोर बघून चालवत राहिले. रस्ता काही दिसत नव्हता.